पापा मेतुआंची जागा

पापा मेतुआ वारले त्या आठवड्यात आमचे चारही फ्लॅट भरलेले होते. हे आधीच सांगून टाकते. माझ्या बाजूने सांगायला माझ्याकडे एवढं एकच कारण आहे, आणि ते पुरेसं नाही हे मलाही कळतं.

मी नोएलीन. इथे मला सगळे नोई म्हणतात. न्यूझीलंडमध्ये तिमारूला माझ्या नवऱ्याचं, क्लाइव्हचं, टायरचं दुकान होतं आणि मी एका दवाखान्यात खिडकीमागे बसून पेशंटना वेळा द्यायचे. सुट्टीसाठी आम्ही दोनदा पॅसिफिकमधल्या या रारोटोंगा बेटावर आलो. तिसऱ्यांदा आलो ते दुकान विकूनच. इथे जमीन विकत मिळत नाही. ती घराण्याची असते आणि घराण्यातच राहते; बाहेरच्याला मिळते ती साठ वर्षांच्या कराराने. तितिकावेका गावात समुद्राकडचा एक तुकडा आम्हाला पापा मेतुआंच्या घराण्याने दिला. ते स्वतः रस्त्यापलीकडे, डोंगराच्या बाजूला राहायचे; वयस्कर पुरुषाला इथे सगळेच पापा म्हणतात.

जागा दाखवायला तेच आले होते. अडुसष्ट वर्षांचे असतील तेव्हा. अंगाने बारीक, डोक्यावर पानांची विणलेली टोपी, आणि चालताना मध्येच थांबून बोलायची सवय. समुद्राच्या अंगाला, नारळांच्या सावलीत, एक पांढरी कबर होती. वर पत्र्याचं छोटं छप्पर, फरशीवर चाफ्याची ताजी फुलं. इथे अंगणात कबर नसलेलं घर शोधावं लागतं, त्यामुळे आम्हाला काही विशेष वाटलं नाही.

"ही माझी बायको, अकाइती," त्यांनी ओळख करून दिली. मग शेजारच्या गवतावर पाय आपटून म्हणाले, "आणि हा मी. ती डावीकडे, मी उजवीकडे. पलंगावरही डावी बाजू तिचीच होती. चाळीस वर्षं भांडलो, पण तिने काही सोडली नाही."

मी हसले. क्लाइव्हही हसला. वकिलाने करारात लिहिलं की कबरीपर्यंत घरच्यांना कधीही येता-जाता येईल. शेजारच्या गवताबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. कबरीचं काय ते माणूस गेल्यावर बघायचं, असंच सगळ्यांनी धरलं असावं.

सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने द्यायला आम्ही दुमजली इमारत बांधली, दोन फ्लॅट वर, दोन खाली. सफाईला आणि चादरी-टॉवेलांना पापांची मुलगी तुआइने यायची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, उंचपुरी, आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मी चादर कशी घडी घालायची ते दाखवायला गेले, तर म्हणाली, "नोई, तू पाहुण्यांशी गोड बोल. चादरींशी मी बोलते." तेव्हापासून तसंच चाललं.

दर रविवारी सकाळी, चर्चला जायच्या आधी, पापा अकाइतीकडे यायचे. पांढरा सदरा, अंघोळ केलेली, ओले केस. आधी फरशी झाडायचे, मग फुलं बदलायचे, मग कठड्यावर बसून आठवड्याच्या बातम्या सांगायचे. विमानाने कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या डुकराने कुणाचा अळूचा मळा उकरला. शेवटी एक प्रार्थनागीत, तेही खड्या आवाजात. क्लाइव्ह पुष्कळदा चहाचे दोन कप घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसायचा. त्याला भाषा फारशी यायची नाही, पण बसायचा. पहिली दोन वर्षं रविवार उजाडलाय हे मला तो आवाज ऐकूनच कळायचं.

तिसऱ्या वर्षी पहिली तक्रार आली. खालच्या फ्लॅटमधल्या एका बाईने जाताना चावी देता देता सांगितलं, "सगळं सुंदर आहे हो, पण खिडकीसमोर ते... मुलं घाबरतात." मग तिने घरी जाऊन तेच बुकिंगच्या साइटवर लिहिलं आणि पाचातले तीनच तारे दिले. त्या महिन्यात एक बुकिंग रद्द झालं. त्याच शेऱ्यामुळे झालं असेल असं नाही, पण मी तसं धरून चालले.

क्लाइव्ह म्हणाला, "जाहिरातीतच लिहून टाक ना, अंगणात घरच्यांची कबर आहे म्हणून. ज्याला चालेल तो येईल."

"आणि न चालणारे किती असतील ते तुला माहीत आहे?"

"नाही. तुलाही नाही."

मी रस्ता ओलांडून पापांकडे गेले. ते पडवीत बसून जाळं दुरुस्त करत होते.

"पापा, एक विचारायचं होतं."

"आधी बस. उभ्याने विचारलेलं माझ्या डोक्यात शिरत नाही."

मी बसले. "अकाइतींच्या भोवती जास्वंद लावू का? कुंपणासारखी. छान दिसेल."

"फुलं तिला आवडायची." त्यांनी जाळ्याची एक गाठ मारली. "उंच किती?"

"कमरेएवढी."

"माझ्या कमरेएवढी का क्लाइव्हच्या?"

आम्ही दोघंही हसलो. जास्वंद लावली. इथल्या मातीत ती दोन पावसाळ्यांत क्लाइव्हच्या डोक्यावर गेली. छाटायला मी कुणालाच सांगितलं नाही. आता खिडकीतून नुसती हिरवी भिंत आणि लाल फुलं दिसायची. नवे फोटो काढून मी साइटवर टाकले.

पण कुंपणाने आवाज अडत नाही. एका रविवारी वरच्या फ्लॅटमधला एक माणूस बनियनवर खाली आला आणि म्हणाला, "तुमच्या झुडपात कुणीतरी म्हातारा एकटाच बडबडतोय. साडेसहा वाजलेत बाई. सुट्टी आहे आमची."

मी पुन्हा रस्ता ओलांडला. या वेळी त्यांनी सांगायच्या आधीच मी बसले.

"पापा, रविवारची वेळ जरा लवकरची होते. लोक झोपलेले असतात."

"मग कधी येऊ?"

त्यांच्याच जमिनीवर, त्यांच्याच बायकोकडे कधी यायचं, हे ते मला विचारत होते. आणि मी उत्तर दिलं. "शनिवारी दहा ते दोन. जुने पाहुणे गेलेले असतात, नवे यायचे असतात."

"शनिवार, दहा ते दोन," ते सावकाश म्हणाले. लक्षात ठेवायला म्हणतात तसं. तिमारूच्या दवाखान्यात मी अशीच वेळ सांगायचे आणि पलीकडचं माणूस असंच पुन्हा म्हणून दाखवायचं.

त्यानंतर ते शनिवारी येऊ लागले. त्याच वेळी आमची सगळी धावपळ असायची. बादल्या, झाडू, दोरीवर फडफडणाऱ्या सोळा चादरी. पापा कुंपणातल्या फटीतून आत जायचे, थोडा वेळ बसायचे आणि निघायचे. गाणं बंद झालं. क्लाइव्ह शनिवारी विमानतळावर पाहुण्यांना सोडायला-आणायला असायचा, त्यामुळे चहाही बंद झाला. एकदा मी म्हटलं, "पापा, गात नाही हल्ली?" तर म्हणाले, "ती म्हणते, कामाची वेळ आहे, गप्प बस."

नळाचं प्रकरण त्याच्या पुढच्या वर्षीचं. लोक समुद्रातून येताना पायाला वाळू घेऊन यायचे, ती न्हाणीत जायची आणि पाइप तुंबायचे. बाहेरच पाय धुवायची सोय हवी होती, म्हणजे एक नळ आणि खाली थोडा कोबा. पाण्याची नळी कबरीच्या शेजारून जात होती. जास्वंद फक्त कबरीभोवती होती. तिच्या उजव्या अंगाचं गवत कुंपणाबाहेर राहिलं होतं. तिथे नळ बसवला की काम अर्ध्या दिवसाचं. दहा पावलं पलीकडे न्यायचा तर पायवाट उखडावी लागली असती आणि चार-पाच दिवस पाहुण्यांना मागच्या बाजूने फिरून जावं लागलं असतं.

ती कुठली जागा आहे हे मला आठवत होतं. आठवत नव्हतं असं मी पुढे क्लाइव्हला सांगितलं, पण आठवत होतं. पाय आपटून म्हणाले होते ना, हा मी. म्हाताऱ्या माणसाची गंमत ती, असं मी मनाला समजावलं. आणि ठणठणीत तर आहेत, तेव्हाचं तेव्हा बघू.

पापांना मी जागेवरच नेऊन दाखवलं. त्यांनी गवताकडे पाहिलं, मग नळीकडे, मग समुद्राकडे.

"इथेच हवा?"

"नळी इथूनच जाते ना."

"हं." त्यांनी पायाने गवत चाचपलं. "पाणी काय, सगळ्यांनाच लागतं."

एवढ्या वर्षांत मला इतकं नक्की कळलं होतं की इथे याला होकार म्हणत नाहीत. इथे समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, मग माणूस असं काहीतरी बोलतो आणि समजून घ्यायचं काम तुमच्यावर सोडतो. मी ते होकार म्हणूनच घेतलं.

कोबा घातला त्या दिवशी तुआइने कमरेवर हात ठेवून बघत उभी होती.

"पापांना विचारलंस?"

"विचारलं. त्यांची हरकत नाही."

"त्यांनी कधी कशाला हरकत घेतलीय? बोटीत चार माणसांची जागा असली आणि सहा जण आले तर ते स्वतः उतरून पोहत जातील."

"तुआइने, तुझी हरकत असेल तर तू सांग."

"जमीन पापांच्या नावाची आहे. मी चादरींची बाई." ती आत निघून गेली. त्या दिवसापुरतंच हे बोलणं. दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्यासारखीच वागू लागली, आणि मीही.

नळ लोकांना फार आवडला. शेऱ्यांत त्याचा उल्लेख यायचा.

पुढे पापांच्या पोटात दुखू लागलं. इथल्या डॉक्टरांनी ऑकलंडला पाठवायचं ठरवलं; मुलगा तेरे तिथेच राहतो. जायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, म्हणजे त्यांच्या वेळेत नव्हे, ते माझ्या दारात आले. हातात दोन पपया. पार वाळले होते. मी खुर्ची दिली.

"आज आत जाऊन आलो, तिला सांगायला," ते म्हणाले. "कुणी झोपलेलं नव्हतं ना?"

"नाही पापा. असं काय विचारता?"

"नळ बरा चालतो का?"

"चालतो."

"लोक खूश?"

"खूश आहेत."

"मग बरं."

ते तसेच बसून राहिले. टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड बोटांनी चाचपत होते. मला एका पाहुण्याचा फोन यायचा होता आणि माझं अर्धं लक्ष तिकडे होतं. त्या पाच मिनिटांत मी एक वाक्य बोलले असते तरी झालं असतं. 'पापा, तो कोबा आम्ही कधीही काढू, तुमची जागा तुमचीच आहे.' एवढंच. ते त्यासाठीच आले होते की नुसते पपया द्यायला, हे मला आजही ठाऊक नाही. फोन वाजला. ते उठले.

"लवकर बरे होऊन या," मी फोनवर हात ठेवून म्हटलं.

"येईन की. आणखी कुठे जाणार?"

तीन महिन्यांनी, बुधवारी सकाळी, तुआइने चादरींचा ढीग घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "पापा गेले, नोई. उद्याच्या विमानाने आणतायत. शनिवारी पुरायचं."

मी तिला मिठी मारायला गेले तर मध्ये चादरी होत्या. "घरी जा तू," मी म्हटलं, "हे मी बघते."

"घरी वीस माणसं रडतायत. इथे निदान मशीन आहे." तिने चादरी मशीनमध्ये कोंबल्या आणि बटण दाबून तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

चारही फ्लॅट एका लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेले होते, मेलबर्नचे लोक. लग्न शनिवारीच होतं, समोरच्या वाळूवर. नवरीचे फोटो जास्वंदीपुढे काढायचे ठरले होते.

क्लाइव्ह दुपारी मागच्या खोलीतून कुदळ घेऊन आला आणि भिंतीला टेकवून ठेवली. "तुआइनेशी आजच बोल. म्हणावं, कोबा आम्ही फोडून देतो."

"लग्न होऊ दे आधी."

"दफन शनिवारी आहे नोई, लग्नानंतर नव्हे."

"त्यांनी विचारलं तर आपण नाही थोडंच म्हणणार आहोत? विचारू तर देत."

"ते विचारणार नाहीत. तुला माहितेय."

"मग तू बोल ना!"

मुलाने बापाकडे बघावं तसा क्लाइव्ह पापांकडे बघायचा, पण तोंड उघडून चार शब्द बोलायची वेळ आली की नेहमी माझ्याकडे बघायचा. कुदळ तिथेच राहिली.

बुधवारची दुपार आणि गुरुवारची सकाळ मी वऱ्हाडाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. खिडकीखाली खड्डा खणतील, शंभर माणसं येतील, रडतील, गातील. नवरीची आई आधीच कोंबड्यांच्या आरवण्यावरून माझ्याशी दोनदा बोलून गेली होती. गुरुवारी दुपारी तुआइने टॉवेल देता देता म्हणाली, "खड्डा चर्चच्या आवारात खणतायत. काकांनी जागा बघितली, भिंतीजवळ."

"असं का?" मी म्हटलं.

आणि मला हायसं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, क्लाइव्हलाही नाही. अंगावरचं ओझं उतरल्यासारखा माझा श्वास सुटला. तुआइने समोरच उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, तिला ते दिसलं, आणि तिने उरलेले टॉवेल माझ्या हातात न देता शेजारच्या खुर्चीवर ठेवले.

शनिवारी चर्च भरून लोक बाहेर हिरवळीवर उभे होते. पापांच्या शवपेटीवर तुआइनेने आणि तिच्या मावश्यांनी शिवलेली गोधडी होती, निळ्यावर पांढरा चाफा. आम्ही दोघं मागे बसलो. प्रार्थना झाल्यावर तेरे बोलायला उभा राहिला. बापासारखाच बारीक, बोलताना मध्येच थांबणारा.

"शेवटच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, पापा, मामाच्या शेजारीच ना?" इथे आईला मामा म्हणतात. "तर म्हणाले, नको रे. तिथे आता लोक पाय धुतात. तिथे झोपलो तर रोज कुणीतरी माझ्या तोंडावर वाळू टाकणार. तुझ्या मामाने चाळीस वर्षं मला आंघोळीवरून बोलून घेतलंय, आता मेल्यावर पुन्हा कशाला."

सगळं चर्च हसलं. इथे दफनालाही लोक मोकळेपणाने हसतात. मावश्या तर डोळे पुसत पुसत हसत होत्या. तेरे थांबला आणि म्हणाला, "आणि म्हणाले, नोईच्या घरी पाहुणे असतात. त्यांना त्रास नको. ती चांगली बाई आहे, तिला नाही म्हणता येणार नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, बापाचं बोलणं जसंच्या तसं सांगत होता. दोन-तीन डोकी मागे वळली आणि माझ्याकडे बघून मायेने हसली. मी मान खाली घातली. क्लाइव्हने माझा हात धरला नाही. मीही त्याचा धरला नाही.

आम्ही परत आलो तेव्हा नवरीचे फोटो चालले होते.

सोमवारी वऱ्हाड गेल्यावर आम्ही दोघांनी मिळून कोबा फोडला. पायवाटही उखडली आणि नळ दहा पावलं पलीकडे नेला. सगळं मिळून तीन दिवस लागले. जास्वंद क्लाइव्हने गुडघ्याएवढी छाटली. मग मी तुआइनेला बोलावलं आणि माझ्याने जेवढं सरळ बोलवलं तेवढं बोलले, की चूक माझी आहे, जागा मोकळी आहे, घरच्यांची इच्छा असेल तर पापांना इथे आणावं, लागेल ते आम्ही करू.

ती उखडलेल्या मातीकडे बघत होती. "पुरलेल्या माणसाला आम्ही हलवत नाही."

"या एका वेळीही नाही?"

"ते काय पाहुणे आहेत का, या खोलीतून त्या खोलीत द्यायला?"

मला रडू आलं. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "नोई, तू एक शब्द बोलली असतीस तर खणायला अख्खं गाव आलं असतं. त्या लग्नवाल्यांनाही आम्ही जेवायला घातलं असतं. वरात थांबवून बसवलं असतं त्यांना."

"तू का नाही बोललीस?"

"मी गुरुवारी आले होते ना," ती म्हणाली. "टॉवेल कुणाला हवे होते तेव्हा? तू काही म्हणतेस का बघायला आले होते. आणि तू म्हणालीस, असं का."

त्या वर्षाच्या शेवटी तिने काम सोडलं. भांडण नाही, काही नाही. मी विचारलं, राग आहे का? तर म्हणाली, "राग असता तर तुला ऐकू आला असता. दमले मी." तिच्या जागी फिजीहून आलेली एक मुलगी ठेवली. चांगली आहे, चादरींच्या घड्या मी सांगते तशा घालते.

आता रविवारी सकाळी क्लाइव्ह चर्चच्या आवारात जातो. भिंतीजवळ बसतो, कपभर चहा घेऊन. काय बोलतो ते मी विचारत नाही. मी दोनदा त्याच्याबरोबर गेले, पण मला तिथे काय करावं ते सुचेना; उभी राहिले आणि परत आले.

अकाइतीची फरशी मीच झाडते. फुलंही बदलते. पण बातम्या सांगायला मला जमत नाही, आणि तिला माझ्याकडून त्या ऐकायच्या असतील असंही वाटत नाही. आता कबर खिडकीतून सरळ दिसते. जाहिरातीत मी ते लिहिलंय. लोक यायचे तेवढे येतात.

तुआइनेने शनिवारच्या बाजारात अळकुड्या आणि केळी विकायला टेबल लावलंय. मी शक्यतो तिच्याकडूनच घेते. गेल्या शनिवारी गेले तेव्हा तिच्यापुढे रांग होती. माझी पाळी आली तशी तिने न विचारताच मला लागतात तेवढ्या अळकुड्या पिशवीत भरल्या, वर एक नीरफणस टाकला.

"भरलेत का फ्लॅट?" तिने विचारलं.

"चारही."

"चांगलंय," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या बाईकडे बघून मोठ्याने म्हणाली, "तुला काय देऊ गं?"